गाडीने पाठवलेला निरोप

निवृत्त होऊन फार काळ झालेला नाही, पण नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळू लागली आहेत. सुकापूरचं ते प्रकरण मात्र सकाळच्या हजेरीपासून सलग आठवतं. त्यातली माणसं आजही पनवेलच्या याच पट्ट्यात राहतात, एकमेकांच्या लग्नकार्याला जातात, म्हणून नावं लिहीत नाही.

मी तेव्हा पनवेलमधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. पाऊस सरत आला होता. हजेरी संपवून रात्रपाळीच्या अंमलदाराकडून स्टेशन डायरी घेत होतो, तेवढ्यात कामोठ्याला राहणारी एक तरुण बाई नवऱ्याला घेऊन आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. म्हणाली, "साहेब, माजी आय काल दुपारी गारी घेऊन गेली ती घरी आलीच नाय."

पोलीस ठाण्यात रोज कोणीतरी हरवल्याची तक्रार येते. त्यातली बहुतेक माणसं संध्याकाळपर्यंत आपली आपण घरी पोचतात. पण ही मुलगी सांगत होती ती बाई रागावून कुठे निघून जाणारी नव्हती. विचुंब्याची राहणारी, नवरा वारलेला, साठीला टेकलेली. नवऱ्याच्या मागे तिने भातशेती सांभाळली, भाव आला तेव्हा थोडी जमीन विकली, बाकीची राखली. पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकली आणि नुकतीच एक नवीकोरी गाडी घेतली होती. गावातल्या बायकांना दवाखान्यात न्यायचं असलं की त्या रिक्षा शोधत नसत, हिच्या दारात येत. मुलीने आदल्या संध्याकाळी फोन लावला तेव्हा नुसती रिंग वाजत राहिली. आई दमून झोपली असेल असं तिला वाटलं. सकाळी शेजारणीने सांगितलं की घराला कालपासून कुलूप आहे, आणि त्यानंतर फोनही बंद लागू लागला.

मी मिसिंगची नोंद करायला सांगितली आणि माझ्या उपनिरीक्षकाला हाताशी घेतलं. हुशार मुलगा, नोकरीत नवा, निष्कर्षावर पोचण्याची त्याला जरा घाई असे. त्याने फोनचं टॉवर लोकेशन मागवलं. मी मुलीला विचारलं, आई काल कुठे जाणार होती. ती म्हणाली, सुकापूरला, पुतण्याकडे.

हा पुतण्या म्हणजे तिच्या मोठ्या दिरांचा मुलगा. सुकापूरला त्याचं बांधकामाच्या मालाचं दुकान होतं. सिमेंट, लाद्या, सळ्या, मागे पत्र्याचं गोडाऊन. विचुंब्याला काकीच्या जमिनीकडे जाणारी वाट त्याच्या वाट्यातून जात होती आणि त्या वाटेवर त्याने कुंपण घातलं होतं. आमच्या भागात जमिनीला भाव आल्यापासून भावाभावांतले निम्मे तंटे वाटेचे असतात. जमीन मोजून वाटता येते, वाट वाटता येत नाही. काकी ते कुंपण काढायला सांगायला गेली होती.

दुकानाच्या आसपास चौकशी केली तेव्हा भांडण सगळ्यांनी ऐकलेलं निघालं. तो तिला म्हणाला होता, "काकी, परत या कामासाठी हितं आलीस तर बघ." ती तरातरा निघून गाडीत बसली, दार आपटलं आणि गेली.

दुपारच्या आत मला एक टीप मिळाली. सुकापूरच्या नाक्यावर रिक्षा लावणारे एक मियाँ होते, मला कधीमधी माहिती देत, कधी काही मागत नसत. त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं की बाईची गाडी नेऱ्याच्या दिशेने गेली आणि लगोलग पुतण्याचा टेम्पो तिच्या मागे गेला. टेम्पो परत आला. बाईची गाडी परत येताना त्यांनी पाहिली नाही.

नेरे सुकापूरच्या पुढे, माथेरानच्या डोंगराच्या बाजूला आहे. तिथून रस्ते फुटतात, पुढे मालडुंगे, धोदाणी, मध्ये आदिवासी वाड्या. मी एक जीप त्या बाजूला पाठवली. ती सगळे फाटे फिरून आली. रस्त्यावर काच नाही, टायरच्या खुणा नाहीत, कोणी काही पाहिलेलं नाही. गवत कमरेच्या वर वाढलेलं होतं.

तेवढ्यात टॉवर लोकेशन आलं. बाईचा फोन रात्रभर सुकापूरच्याच टॉवरखाली होता आणि सकाळी तिथेच बंद झाला होता.

उपनिरीक्षकाने आणखी एक काम केलं होतं. गाडी नवी होती, तिच्यात स्वतःचं सिमकार्ड होतं आणि ती कुठे आहे ते कंपनीला दिसत असे. त्याने कंपनीला लेखी नोटीस पाठवली होती. कंपनीचे लोक फोनवर फार अदबीने बोलले, ग्राहकाची माहिती, कायदा विभाग वगैरे झालं. पण मी स्वतः बोललो तेव्हा त्यांनी रिपोर्ट पाठवला. वर कंपनीचं बोधचिन्ह, खाली रंगीत नकाशा, नकाशावर एक ठिपका. ठिपका पुतण्याच्या गोडाऊनच्या फाटकावर होता. खाली लिहिलं होतं, शेवटचं ठिकाण.

भांडण, धमकी, पाठलाग, फोन आणि आता गाडी, सगळं एकाच दारात येऊन थांबलं होतं. आम्ही पंच घेऊन गोडाऊनची झडती घेतली. गाडी नव्हती. लाद्यांच्या खोक्यांमागे सिमेंटच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेला एक फोन मिळाला. मुलीने तो पाहताक्षणी ओळखला.

पुतण्याला ठाण्यात आणलं. उपनिरीक्षक मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, आता काय राहिलं? गाडीतला सिमकार्डाचा डबा त्याने तिथेच उपटला, गाडी कुठेतरी ढकलली. अटक दाखवू आणि बाकीचं कस्टडीत काढू." बाहेर विचुंब्याचे पंचवीस-तीस लोक जमले होते, त्यांचंही हेच मत होतं.

मी म्हटलं, आधी मला त्याच्याशी बोलू दे.

चौकशीची माझी एक पद्धत होती. माणसाला खोलीत बसवायचं, पाणी द्यायचं आणि पहिली काही मिनिटं गुन्ह्याविषयी काही विचारायचं नाही. ज्याने योजना करून काही केलेलं असतं, त्याची गोष्ट तयार असते आणि ती सांगण्याची त्याला घाई असते. हा गप्प बसला. टेबलाकडे बघत होता. मी दुकान कसं चाललंय ते विचारलं, त्याने एका शब्दात उत्तर दिलं. मग त्यानेच विचारलं, "साहेब, काकीचा काय पत्ता लागला काय?"

काल काकीच्या मागे गेला होतास का, असं विचारल्यावर तो नाही म्हणाला. मी रिक्षावाल्याचं नाव न घेता सांगितलं की तुझा टेम्पो पाहिला गेला आहे. मग फोन टेबलावर ठेवला. तो पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इथून पुढचं त्याने सांगितलं ते असं.

भांडताना काकीने फोन त्याच्या गल्ल्यावर आपटला आणि तसाच विसरून निघून गेली. मिनिटाभराने त्याच्या ते लक्षात आलं, म्हणून तो टेम्पो घेऊन मागे निघाला. नेऱ्यापर्यंत गेला, गाडी दिसली नाही. फोन घ्यायला ती स्वतःच परत येईल आणि तेव्हा तिला चहा पाजून दोन शब्द नीट बोलू, असा विचार करून तो परतला. फोन ड्रॉवरमध्ये ठेवला, दुकान बंद केलं, घरी गेला. सकाळी चुलतबहिणीचा त्याला फोन आला की आय घरी आलेली नाही. "दुकान उघरलं, ड्रॉवर उघरला, तर फोन हितं. मीच तिला शेवटचा भांडलेला. आता कोन मानंल साहेब? मंग बंद केला न ठेवून दिला."

मी विचारलं, तू घाबरलास हे समजलं, पण ती सापडावी म्हणून तरी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तुमी मलाच धरला असता."

खरं होतं. मी बाहेर आलो तेव्हा उपनिरीक्षकाने विचारलं, तुम्हाला पटलं का. मी सांगितलं, पटलं की नाही हा आजचा प्रश्न नाही. तो खोटं बोलत असेल तर उद्याही इथेच बसलेला असेल, कुठे जात नाही. तो खरं बोलत असेल तर एक बाई कालपासून कुठेतरी पडलेली आहे आणि आपण गोडाऊनमध्येच अडकलो आहोत. दोन्ही बाजू चालू ठेवायच्या. ठिपक्याचं मात्र मला उत्तर हवं होतं.

मग मी कामोठ्याच्या एका मॅडमना फोन केला. त्या इंजिनिअर होत्या. गाड्यांनी एकमेकांशी आणि नियंत्रण कक्षाशी कोणत्या ठरलेल्या पद्धतीने बोलायचं, त्याचे नियम तयार करणाऱ्या लोकांबरोबर त्यांचं काम चाले. टॅक्सी आणि शाळेच्या बसमधल्या ट्रॅकरविषयी त्यांनी पूर्वी आमच्या अंमलदारांना माहिती दिली होती. त्या तासाभरात आल्या. रिपोर्ट पाहिला आणि बाजूला ठेवला.

"साहेब, हा त्यांच्या स्क्रीनचा फोटो आहे," त्या म्हणाल्या. "गाडीने स्वतः काय पाठवलं ते मागा."

मला फरक कळला नाही. त्यांनी समजावून सांगितलं. टॅक्सीतला ट्रॅकर कुठल्याही कंपनीचा असो, त्याने काय पाठवायचं आणि कसं पाठवायचं हे सगळ्यांसाठी एकच ठरलेलं आहे आणि ते उघड आहे, म्हणून आपल्या कंट्रोल रूमला तो समजतो. खासगी गाड्यांवर तसं बंधन नाही. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी आणि ती त्यांनाच कळणार. ते जे दाखवतील ते आपण बघायचं. पण हे मॉडेल परदेशातही विकलं जातं. तिकडच्या काही देशांत अपघात झाला की गाडीने आपण होऊन एक छोटा निरोप धाडणं सक्तीचं आहे. त्या निरोपात कोणत्या जागी कोणती माहिती असेल हे सगळ्या कंपन्यांना सारखंच, कोणीही वाचू शकतो. इथे ती सक्ती नाही, पण गाडीतली निरोप पाठवणारी पेटी तीच असेल, तर इथेही तिने तो निरोप पाठवला असण्याची शक्यता आहे.

मी कंपनीला पुन्हा फोन लावला. अदबीने बोलणाऱ्या गृहस्थांना सांगितलं की मला आता कायदा विभाग नको, सर्व्हर बघणारा माणूस द्या. तो मिळेपर्यंत मी फोन ठेवला नाही. शेवटी एक तंत्रज्ञ आला. मॅडम त्याच्याशी थेट बोलल्या, त्यांचं बोलणं मला निम्मं कळलं. त्याने शोधलं. मग म्हणाला, हो, आहे. कालच दुपारी आलेला आहे.

मी विचारलं, मग कालच कोणाला कळवलं का नाही? त्याने नोंद पाहून सांगितलं की त्यांच्या कॉल सेंटरने मालकाच्या नोंदवलेल्या नंबरवर दोनदा फोन केला होता, कोणी उचलला नाही. तो नंबर मुलीला दाखवला. आईचा नव्हता. चौकशीत निघालं की गाडी देताना शोरूमच्या सेल्समनने काम पटकन उरकावं म्हणून स्वतःचाच नंबर टाकला होता. तो मुलगा मधल्या काळात नोकरी सोडून गेला होता. अनोळखी नंबर पाहून त्याने फोन घेतला नव्हता. आमच्या कंट्रोल रूमकडे तो निरोप यायला वाटच नव्हती.

निरोप ईमेलने आला. आकडे आणि अक्षरांची एक ओळ, तीही फार लांब नाही. मॅडमनी आपल्या लॅपटॉपवर ती उघडली. तंत्रज्ञ त्यांच्या कंपनीचं सॉफ्टवेअर पाठवायला निघाला होता, त्याची गरज पडली नाही. त्या वाचू लागल्या आणि मी शेजारी बसून लिहून घेत गेलो.

निरोप गाडीने आपोआप पाठवला होता, कोणी बटण दाबून नाही. सीटबेल्ट एकच लावलेला होता.

म्हणजे बहुधा बाई एकटी होती आणि स्वतःच चालवत होती. मी उपनिरीक्षकाकडे पाहिलं. तो खुर्ची ओढून जवळ आला.

पुढची गोष्ट मॅडमनी दोनदा तपासली. निरोपात गाडीचं ठिकाण होतं आणि त्यापुढे गाडीने स्वतःच खूण केली होती की या ठिकाणावर भरवसा ठेवू नका. डोंगराची भिंत आणि वर दाट झाडं असली की उपग्रहाचा संकेत नीट मिळत नाही, असं त्या म्हणाल्या. पेटी प्रामाणिक होती, मला नक्की माहीत नाही असं तिने सांगितलं होतं. कंपनीच्या स्क्रीनला मात्र नक्की नसलेली जागा दाखवायची सोय नव्हती. त्यामुळे तिने ती टाकून दिली आणि त्याआधी गाडी जिथे शेवटची उभी होती ती जागा दाखवली. ती जागा म्हणजे पुतण्याच्या दुकानाचं फाटक.

"मग आता?" उपनिरीक्षकाने विचारलं.

"निरोपात आधीच्या दोन जागाही असतात," मॅडम म्हणाल्या. "आणि गाडीचं तोंड कोणत्या दिशेला होतं, तेही."

त्या दोन जागा नकाशावर मांडल्या. दोन्ही नेऱ्याच्या पुढे, मालडुंग्याच्या रस्त्यावर पडल्या. गाडीचं तोंड डोंगराकडे होतं. दुसऱ्या जागेच्या पुढे रस्ता वळणं घेत चढतो आणि एका अंगाला नाला आहे. सकाळी आमची जीप तिथूनच गेली होती आणि परत आली होती.

मी दोन जीप, ॲम्ब्युलन्स आणि दोर घेतले. निघताना पुतण्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, मला न्या, त्या नाल्यात मी लहानपणापासून खेकड्यांना जात आलोय. उपनिरीक्षकाला ते आवडलं नाही. मी त्याला माझ्या जीपमध्ये बसवलं, शेजारी एक हवालदार दिला.

दुसऱ्या जागेपाशी गाड्या थांबवून आम्ही पायी निघालो. वाडीवरची आदिवासी मंडळी कोयते घेऊन मदतीला आली आणि रस्त्याच्या कडेने गवत कापत चालली. तिसऱ्या वळणापाशी एका हवालदाराला करंजाच्या झाडाची सालपटलेली फांदी दिसली, जखम ताजी होती. पुतण्याने वरून खाली वाकून पाहिलं आणि कोणी काही म्हणायच्या आत गवतात शिरला. त्याचा आवाज खालून आला, "साहेब, गारी हाय! काकी हाय!"

गाडी नाकावर, दोन झाडांच्या मध्ये अडकलेली होती. वरून गवताशिवाय काही दिसत नव्हतं. आम्ही उतरलो तेव्हा पुतण्या चिखलात गुडघ्यांवर बसून दाराच्या फटीतून हात आत घालत होता. बाईचा पाय डॅशबोर्डखाली चेंगरलेला होता, ओठ फुटलेले, आवाज बसलेला. गाडीत पाण्याची बाटली होती, तिच्यावर तिने तेवढा वेळ काढला होता. तिने पुतण्याकडे पाहिलं आणि जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली,

"माजा फोन आनलास?"

तो रडू लागला. मी तिला म्हटलं, बाई, फोन माझ्या टेबलावर आहे, आता बोलू नका.

पत्रा कापून तिला बाहेर काढलं तेव्हा ऊन अजून डोंगरावर होतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की आणखी एक रात्र तिने काढली नसती. पाय वाचला, थोडी लंगडते. पुढे जबाब घेताना तिने सांगितलं की भांडणाने डोकं तापलेलं होतं, म्हणून मालडुंग्याच्या बाजूला राहणाऱ्या जुन्या मैत्रिणीकडे निघाली होती. वळणावर गाय आडवी आली, तिला वाचवायला स्टिअरिंग फिरवलं. मैत्रिणीला कळवलेलं नव्हतं, त्यामुळे तिची वाट कोणी पाहत नव्हतं.

पुतण्याने फोन लपवला आणि पहिला जबाब खोटा दिला, ते मी डायरीत लिहिलं आणि त्याला समज दिली. कुंपणाचा वाद अजून कोर्टात आहे. तारखेला काकीला पुतण्याच गाडीतून नेतो आणि आत गेल्यावर दोघं आपापल्या वकिलांच्या बाजूला बसतात.

मॅडमच्या मदतीने मी वरिष्ठांना एक टिपण पाठवलं. गाडी कुठल्याही कंपनीची असो, अपघाताचा निरोप सगळ्यांना वाचता येईल अशा एकाच उघड पद्धतीत असावा आणि तो थेट आपल्या नियंत्रण कक्षात यावा, एवढंच त्यात होतं. अशी कामं सावकाश होतात, पण होतील याची मला खात्री आहे. एखादी जखमी बाई कुठे आहे, हे कळण्यासाठी तिने कोणत्या कंपनीची गाडी घेतली होती हे विचारावं लागू नये, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नव्या अधिकाऱ्यांच्या वर्गात विचारतात. मी त्यांना सांगतो की त्या दुपारी पुतण्याला अटक करायला माझ्याकडे पुरेसं होतं. धमकी होती, साक्षीदार होता, लपवलेला फोन होता, कंपनीचा शिक्क्याचा रिपोर्ट होता. वरिष्ठांनी पाठ थोपटली असती, बाहेरच्या लोकांनी फटाके लावले असते. आणि अटक झाली की शोध थांबतो, हे मी नोकरीत अनेकदा पाहिलं आहे. मग सगळं ठाणं एकाच माणसाला विचारत बसतं की बाई कुठे आहे. तो दहादा म्हणाला असता, मला माहीत नाही, आणि आम्ही अकराव्यांदा विचारलं असतं. तेवढ्या वेळात नाल्यातल्या बाटलीतलं पाणी संपलं असतं.